एका ओटीपीची किंमत किती?



कापूस वेचणीचे दिवस होते. अकोल्याजवळच्या एका खेड्यातली बाई एका योजनेची ई-केवायसी करायला तालुक्याच्या गावी आली. पहिल्या दिवशी घरातला एकुलता एक फोन मुलगा कामावर घेऊन गेलेला. दुसऱ्या दिवशी फोन होता, पण आधारला जोडलेला नंबर रिचार्जअभावी बंद. तिसऱ्या खेपेला काम झालं. मी तिच्याशेजारी बसून हिशोब मांडला. तीन दिवसांची बुडालेली मजुरी ९०० रुपये, जाण्यायेण्याचे १२०, रिचार्जचे २००, केंद्रचालकाचे ५०. एकूण १,२७० रुपये. ती म्हणाली, "ताई, हे तं फुकट होतं म्हनत होते नं?"

तिचा हा प्रश्न आपण गंभीरपणे घ्यायला हवा. कुठलीही सेवा मोबाईलवर आणताना खर्चाचा आणि वेगाचा अंदाज बांधला जातो. सर्व्हर किती लागतील, पान किती सेकंदांत उघडेल, एका वेळी किती लोक येऊ शकतील, हे सगळं मोजलं जातं. पण बाईच्या बाजूचा खर्च कोण मोजतं? घरात चूल, पाणी, मुलं यांचे तास कुणी मोजत नाही, तसेच हेही तास बिनमोलाचे धरले जातात.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचं उदाहरण घ्या. महिना १,५०० रुपयांच्या या योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये संकेतस्थळावर ई-केवायसी सक्तीची झाली. मुदत होती १८ नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे आपल्या वऱ्हाडात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी, हातात चार पैसे येण्याचे नेमके तेच दिवस. ओटीपीच्या अडचणींच्या तक्रारी आल्या, पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. ओटीपी एकट्या बाईचा पुरत नव्हता, पतीचा किंवा वडिलांचाही लागत होता. विधवा आणि घटस्फोटितांसाठी कागदपत्रं देण्याची वाट नंतर काढली गेली. पण वडील वारलेले, नवऱ्यानं टाकलेलं आणि हातात घटस्फोटाचा कागद नाही, अशा बाईनं कुणाच्या दारात ओटीपी मागायला जायचं? ज्या नवऱ्याच्या मारहाणीतून ती सुटली, त्याच्याच?

देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असणाऱ्या बायका जेमतेम ५४ टक्के होत्या. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. घरात फोन असणं वेगळं आणि तो बाईच्या हातात असणं वेगळं. शिवाय २८ दिवसांचं रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. एक रिचार्ज २०० रुपयांचं धरलं तरी वर्षाचे २,६०० रुपये होतात.

वेगाचंही तसंच आहे. शहरातल्या कार्यालयात पान पटकन उघडतं. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात, जुन्या फोनवर, रेंज शोधत टेकाडावर उभ्या असलेल्या कोरकू बाईला ते किती वेळात उघडतं? तोवर ओटीपीची मुदत संपते. फॉर्म मध्येच तुटला तर उरलेला भरता येतो, की पुन्हा पहिल्यापासून? सरासरी वेळ सांगून या बाया झाकल्या जातात. अंगणवाडी सेविकांनी हे आधीच दाखवून दिलं होतं. २०२१ साली महाराष्ट्रात त्यांनी सरकारनं दिलेले फोन परत केले, कारण २ जीबी रॅमच्या फोनवर काम धड होत नव्हतं आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत होतं. तेव्हा काहींना तो हट्ट वाटला. खरं तर ती कामाच्या हत्याराची तपासणी होती.

मोबाईल नको, असं माझं म्हणणं नाही. चांगला चालला तर तो बाईची खेप वाचवतो, दलाल टळतो, पैसे तिच्याच खात्यात येतात. म्हणूनच मागणी नेमकी हवी. कुठलंही ॲप किंवा संकेतस्थळ सक्तीचं करण्याआधी ते स्वस्तातल्या फोनवर, खेड्यातल्या नेटवर्कवर, कमी शिकलेल्या बाईच्या हाती देऊन तपासा. मुदत ठरवताना शेतीचा हंगाम बघा. गावातच कागदावर अर्ज देण्याची सोय कायम ठेवा. आणि बाईची ओळख पुरुषाच्या फोनला बांधू नका.

यासाठी पुरावा आपणच गोळा करायचा आहे. प्रत्येक गटानं एक वही घालावी. फोन कुणाचा, खेपा किती, वेळ किती, मजुरी किती बुडाली, पैसे किती गेले, असे पाच रकाने पुरेत. अमरावती-अकोल्यातल्या गटांनी येत्या तीन महिन्यांच्या नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात. त्या एकत्र करून आपण महिला व बालविकास कार्यालयात जाऊ. "बायकांना फार त्रास होतो" एवढंच म्हटलं की मान डोलावली जाते आणि विषय संपतो. १,२७० रुपयांचा हिशोब टेबलावर ठेवला, तर त्याला उत्तर द्यावं लागेल.