हिशेब मागणे ही बेइज्जती नव्हे

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रील, शटर आणि लोखंडी दरवाजे बनवणारे एक छोटे वर्कशॉप आहे. चार कारागीर, दोन वेल्डिंग मशिन. काम नवरा बघतो, पण फर्म बायकोच्या नावावर आहे, कारण मुद्रा कर्ज तिच्या नावाने काढले होते. गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी तिचे बँक खाते गोठले. बँकेत विचारल्यावर कळले की जीएसटी खात्याची वसुली आहे. कर, व्याज आणि दंड मिळून सहा लाखांच्या जवळपास.

दर महिन्याला पंधरा-सोळा हजार रुपये कराचे म्हणून नवऱ्याने रोख दिले होते, सलग अठरा महिने. ज्याच्या हातात दिले तो मोहल्ल्यातलाच. सगळे त्याला ‘सीए साहेब’ म्हणतात. जमातीच्या शाळेचा हिशेबही तोच लिहितो. त्याने अठराही महिने जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र ‘निरंक’ भरले होते. विक्री शून्य, कर शून्य. खात्याच्या नोटिसा पोर्टलवर येत राहिल्या, पण पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल त्याचा आणि ई-मेलही त्याचाच. ज्या बाईच्या नावाने आदेश निघाला तिला नोटीस आल्याचे कळायला मार्गच नव्हता.

खरे तर सूचना आधी मिळाली होती. एका बिल्डरने पैसे अडवून सांगितले होते, “तुमचे बिल माझ्या टू-बीमध्ये दिसत नाही.” विकणाऱ्याने जीएसटीआर-१ भरले नाही तर घेणाऱ्याला त्या बिलावरच्या कराचे क्रेडिट मिळत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने असे म्हटले, तर आपल्या हिशेबनिसाने विवरणपत्र भरलेले नाही किंवा चुकीचे भरले आहे, असे समजावे. नवऱ्याने विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘पोर्टलचा प्रॉब्लेम आहे, होऊन जाईल.’ त्याने ते मानले. आपल्यापैकी बहुतेकांनी मानले असते.

ही भगिनी आमच्या कार्यकर्त्यांकडे आली तेव्हा तिचा प्रश्न कायद्याचा नव्हता. घरी चार बुजुर्ग येऊन बसले होते आणि त्यांनी सांगितले होते की घर की बात घर में. आपल्याच माणसाविरुद्ध पोलिसात गेलीस तर बिरादरीची बदनामी होईल, सध्याचे दिवस कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. तो हप्त्याहप्त्याने पैसे देईल, आम्ही जबान देतो. तिने विचारले, “जबान तुमची, आणि सही कुणाची?” त्यावर कुणी बोलले नाही. ती तक्रार करू इच्छिते आणि तिचे चुकते आहे का, एवढेच तिला आमच्याकडून ऐकायचे होते.

तिचे चुकत नाही. या अग्रलेखाचे म्हणणे तेवढेच आहे, पण ते नीट मांडायला हवे.

आधी बिरादरीच्या बदनामीबद्दल. ‘सध्याचे दिवस’ या युक्तिवादात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. एका माणसाचा गुन्हा साऱ्या समाजाच्या माथी मारण्याची घाई आज अनेकांना असते. पण त्या भीतीची किंमत दरवेळी समाजातल्या सर्वांत कमजोर माणसानेच का मोजावी? इथे खाते गोठले ते तिचे, दंड तिच्या नावावर, आणि इज्जत मात्र सांभाळायची ती लबाडाची. कुराणातली सर्वांत मोठी आयत नमाज-रोजाविषयी नाही, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. सूरह अल-बकराची ती २८२ वी आयत. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, अशी अट त्यात घातलेली आहे. आणि सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायाची बाजू नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी घ्यावी, असा आदेश आहे. ज्यांना धर्माचा दाखला लागतो त्यांच्यासाठी हा पुरेसा आहे. ज्यांना लागत नाही त्यांच्यासाठी देशाचा कायदा आहे, आणि तोही स्पष्ट आहे.

हिशेबनीस दुसऱ्या समाजाचा असता तर हेच बुजुर्ग म्हणाले असते, ‘उगाच हिंदू-मुस्लिम होईल, सोडून दे.’ म्हणजे आपला असला तरी गप्प बसायचे आणि परका असला तरी. मग तक्रार करायची कधी?

आता व्यवहाराचे. आपण ज्याला-त्याला ‘सीए’ म्हणतो ही पहिली गफलत. चार्टर्ड अकाउंटंट म्हणजे १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याखाली इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाचा, म्हणजे आयसीएआयचा सदस्य. त्याला सदस्य क्रमांक असतो आणि तो इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर तपासता येतो. जीएसटी प्रॅक्टिशनर ही वेगळी नोंदणी आहे, ती जीएसटी खाते करते. आणि टेबल-खुर्ची टाकून ‘टॅक्स कन्सल्टंट’ची पाटी लावणाऱ्याची कुठेच नोंदणी नसू शकते. तिघांविरुद्ध दाद मागायची ठिकाणे वेगळी आहेत. या प्रकरणातला ‘सीए साहेब’ सीए नव्हता. पूर्वी एका सीएच्या कचेरीत कारकून होता, एवढेच.

पण गोष्ट इथे संपत नाही. मुद्रा कर्जासाठी त्याने जो ताळेबंद आणून दिला होता त्यावर शहरातल्या एका खऱ्या सीएचा शिक्का आणि सही आहे. त्या सीएला या बाईने कधी पाहिलेले नाही, त्याने तिची एकही वही पाहिलेली नाही. सीएने दिलेल्या प्रमाणपत्रांवर १ फेब्रुवारी २०१९ पासून यूडीआयएन हा १८ अंकी-अक्षरी क्रमांक बंधनकारक आहे, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून सर्व ऑडिट अहवालांवरही. तो क्रमांक कुणालाही संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. या ताळेबंदावर तो नाही. म्हणजे एकतर शिक्का बनावट आहे, किंवा सीएने न बघता सही दिली आहे. स्वतः किंवा आपल्या फर्मने तपासणी केल्याशिवाय आर्थिक पत्रके प्रमाणित करणे हे कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक गैरवर्तन म्हणून लिहिलेले आहे. घोर निष्काळजीपणाही त्यात आहे, आणि अशिलाचे पैसे वेगळ्या खात्यात न ठेवणे किंवा ठरल्या कामासाठी न वापरणेही. सीए नसलेल्याला आपल्या नावाने व्यवसाय करू देणे पहिल्या अनुसूचीत येते.

अशा सीएविरुद्ध आयसीएआयच्या शिस्तपालन संचालनालयाकडे ‘फॉर्म आय’मध्ये तक्रार करता येते. शुल्क २,५०० रुपये. वकील लागतोच असे नाही, कागद मात्र लागतात. काय घडले, केव्हा, पुरावा कोणता, हे क्रमाने लिहावे. शिव्याशाप लिहू नयेत, त्याने प्रकरण हलके होते. सात वर्षांपेक्षा जुन्या गोष्टीत पुरावा मिळणे कठीण झाले आहे असे वाटले तर संचालक तक्रार नाकारू शकतात, म्हणून उशीर करू नये. गंभीर प्रकरणात शिस्तपालन समिती सदस्याचे नाव नोंदवहीतून कायमचे काढू शकते. आणखी एक गोष्ट बुजुर्गांनीही ध्यानात घ्यावी. एकदा तक्रार दाखल झाली की ती परत घेणे तक्रारदाराच्या हातात राहत नाही, त्याला मंडळाची किंवा समितीची परवानगी लागते. दाखल करून मग दबाव आणायचा, हा खेळ तिथे चालत नाही.

इन्स्टिट्यूट तुमचे पैसे परत मिळवून देत नाही, हे मात्र आधीच सांगायला हवे. त्यासाठी दिवाणी दावा आहे. विश्वासाने दिलेली रक्कम हडप केली तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ आणि फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकारी. हिशेबनीस नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर असेल तर खाते त्याला नोटीस देऊन अपात्र ठरवू शकते.

आणि या सगळ्याच्या आधी खात्याचा हिशेब. जीएसटी कायद्याचे कलम ४८ सांगते की विवरणपत्र प्रॅक्टिशनरने भरले तरी त्यातल्या माहितीची जबाबदारी नोंदणीधारकाचीच. कडू आहे, पण तसेच आहे. ‘माझ्या माणसाने फसवले’ म्हटल्याने मूळ कर माफ होत नाही. आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांत अपील करता येते, वादातल्या कराचे दहा टक्के भरून. नोटीस येण्याआधीच लबाडी लक्षात आली तर स्वतःहून कर, व्याज आणि कराच्या पंधरा टक्के दंड भरून प्रकरण मिटवता येते. नोटीस, आदेश होऊन गेले की तोच दंड करा-एवढा होऊ शकतो. या वर्कशॉपने बिल्डर बोलला त्याच आठवड्यात पोर्टल उघडले असते तर दोन लाखांहून जास्त वाचले असते.

म्हणून भांडण करण्यापूर्वी लॉगिन ताब्यात घ्या. पासवर्ड बदला, मोबाइल आणि ई-मेल स्वतःचे टाका. तो देत नसेल तर ओळखपत्र आणि व्यवसायाचे पुरावे घेऊन आपल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जा, ते नोंदवलेला नंबर बदलून देऊ शकतात. जुनी विवरणपत्रे, चलने, लेजर उतरवून घ्या. व्हॉट्सअॅपवरचे बोलणे पुसू नका. कागद परत मागणारे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा. फी थकली म्हणून वह्या अडवून ठेवणारे पुष्कळ आहेत. वकिलालासुद्धा फीसाठी अशिलाची फाइल अडवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे, आणि करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये सर्वसाधारण धारणाधिकार असलेल्यांची जी यादी आहे तिच्यात हिशेबनीस नाही. पुढचा कर कुणाच्याही हातात रोख देऊ नका. चलन तयार करून घ्या आणि पैसे स्वतःच्या खात्यातून भरा.

आपल्याही पदरात थोडे आहे, ते लपवून कसे चालेल? ‘टॅक्स कमी बसव’ असे हिशेबनिसाला सांगणारे आपणच असतो. कोऱ्या कागदावर सही, ओटीपी फोनवर सांगणे, डिजिटल सहीचे टोकन त्याच्याच ड्रॉवरमध्ये. मग त्याने फसवले तर तोंड उघडायची हिंमत होत नाही, कारण आपलेही काही निघेल ही भीती. तिच्या नवऱ्याने आमच्याकडे हे कबूल केले, पहिल्या वर्षी दोन बिले त्यानेच दाखवू नकोस म्हटले होते. ती दोन बिलेही त्यांनी आता अपिलाच्या कागदांत मांडली आहेत. प्रामाणिक, वेळेवर काम करणारे, गरिबाकडून कमी फी घेणारे सीए आणि कर सल्लागार आपल्या आसपास पुष्कळ आहेत. लबाडाला पाठीशी घातल्याने सर्वांत आधी त्यांचेच नुकसान होते.

आणि ज्या घरांत धंदा बाईच्या नावावर आहे त्यांच्यासाठी आमची विनंती. नोंदणीतला मोबाइल तिचा हवा, ओटीपी तिच्या फोनवर यायला हवा, महिन्याचे चलन तिने बघायला हवे. कर्जासाठी तिचे नाव आणि कारभारात तिला मज्जाव, ही रीत आपण फार वर्षे चालवली.

तिने फॉर्म भरला आहे. सीएविरुद्धची तक्रार आणि पोलिसातला अर्ज, दोन्हींवर तिचीच सही आहे. जीएसटीचे अपील मुदतीच्या नऊ दिवस आधी दाखल झाले. जमातीच्या शाळेच्या विश्वस्तांना आम्ही पत्र लिहून विचारले आहे की गेल्या तीन वर्षांच्या ऑडिट अहवालांवर यूडीआयएन आहे का. उत्तर अजून आलेले नाही.