न पाहता घेतलेला माल

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्याहून नणंदेचा फोन आला. "भाभी, शरारा आला. फोटोत जरीकाम होतं, हातात नुसती छापील बुट्टी!" परत करायला गेली तर मोबाइलवर उत्तर मिळालं, 'या वस्तूला परतावा नाही.' दीड हजार पाण्यात गेले असं धरून ती गप्प बसली. ईदला भाचीने गेल्या वर्षीचाच ड्रेस घातला.

पूर्वी ईदचं कापड साताऱ्यात खण आळीतून आणि इथे सांगलीत हरभट रोडवरून यायचं. बोटांत चुरगळून पाहायचं, नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी बदलून आणायचं. दुकानदार ओळखीचा असे. पुढे फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'माल आल्यावर पैसे द्या' ही सोय आणली आणि बँकेचं कार्ड नसलेल्या घरांतूनही खरेदी सुरू झाली. पैसे मात्र बहुतेक वेळा बंद पार्सलवरच द्यावे लागतात, ही गंमत आपल्या लक्षात येत नाही.

आपल्या हनफी फिकहमध्ये 'खियार-ए-रूयत' आहे. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर ठेवायची की परत द्यायची, हे घेणाऱ्याने ठरवायचं. युरोपीय संघाच्या देशांत जून २०१४ पासून साधारण असाच कायदा लागू आहे. ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत, कारण न सांगता परत करता येते. तिथले लोक न पाहता निर्धास्त खरेदी करतात, त्यामागे हाही आधार आहे.

आपल्याकडे 'आवडलं नाही' एवढ्यावर परत करण्याचा कायदेशीर हक्क नाही. ते कंपनीच्या मर्जीवर. पण माल सदोष, नकली किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला, तर विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं स्पष्ट म्हटलं आहे. 'परतावा नाही' असं लिहून त्याची सुटका होत नाही. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्याच नियमांत आहे.

नणंद म्हणाली, "कंपनी कुठली कुठे, मी कुठे भांडू?" साताऱ्यातच! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. विक्रेत्याच्या पानाचा फोटो, बिल आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मात्र जपून ठेवा. आमच्याकडे व्हिडिओ नव्हता. नशिबाने भाचीने जरीकामाचा तो फोटो मैत्रिणींना दाखवायला म्हणून ठेवला होता.

१९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. जिल्हा आयोगाचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, नणंदेची सही तेवढी बाकी आहे.