टीव्हीची वायर घेताना

धानाचे पैसे हाती आले की ब्रह्मपुरी-वडशाच्या बाजारातून नवा टीव्ही घरी येतो. दुकानदार टोकांना सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय वायर पुढे करतो. सोने घ्यायचे तर सोनाराकडे घ्या! २००२ साली निघालेल्या या एकाच वायरीतून चित्र व आवाज आकड्यांच्या रूपात जातात. आकडे नीट पोचले की चित्र पूर्ण. बिघडले तर ठिपके, नाहीतर काळा पडदा. पाच-सहा फुटांना साधी चांगली वायर पुरते.

आधी छत्रीच्या खोक्यामागे पाहा. तिथे पिवळी-लाल-पांढरी भोकेच असतील, तर जुन्याच तीन वायरी लावा. पिवळी चित्राची, बाकीच्या आवाजाच्या.

वीज मात्र छत्रीच्या वायरीवाटेही खोक्यात शिरते, तिथून टीव्हीत. आभाळ भरून येताच, कडकडाटाआधी, प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढा.