संगमरवरी कमळ आणि त्याची धूळ

दिवेलागणीला दिवाणखान्यातील संगमरवरी दिवा उजळतो, तेव्हा दगड हा जड पदार्थ आहे याचा क्षणभर विसर पडतो. संगमरवर कॅल्साइटच्या स्फटिकांचा बनलेला असतो. प्रकाश त्याच्या पृष्ठभागावर थांबत नाही. थोडा आत शिरतो, स्फटिकांत विखुरतो आणि सौम्य होऊन बाहेर येतो. म्हणूनच पातळ कोरलेली पाकळी सजीव भासते. कमळ, वेल, पिंपळपान अशा आकारांचे पाषाणदीप आणि त्यांच्या जोडीला फुलांच्या ठशांचे पडदे व अभ्रे यांना आज अनेक घरांत मानाचे स्थान मिळाले आहे.

या कलेचा परमोच्च आविष्कार अबूच्या देलवाडा मंदिरांत पाहावयास मिळतो. विमलशहाने उभारलेली विमलवसही १०३१ मधील, तर वस्तुपाल-तेजपाल या मंत्रिबंधूंची लूणवसही १२३० मधील. लूणवसहीच्या रंगमंडपाच्या छतातून खाली उतरणारे कमळ इतके तलम आहे, की ते कोरलेले नसून उमललेले वाटावे. कारागिरांनी घासून काढलेल्या भुकटीच्या वजनाइतकी चांदी त्यांना मोबदला म्हणून दिली जाई, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यातील व्यवहारबुद्धी मननीय आहे: जितकी धूळ, तितके श्रम, आणि श्रमांना पूर्ण मोल.

आज त्याच धुळीचा हिशेब निराळा झाला आहे. अबू ज्या सिरोही जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील पिंडवाडा हे गाव मंदिरांच्या कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे; आणि तेथील अनेक कारागीर सिलिकोसिसने ग्रासलेले आहेत. छिन्नी-हातोड्याच्या जागी विजेची यंत्रे आली. काम वेगाने होऊ लागले, पण दगडाची अतिसूक्ष्म धूळही कैक पटींनी उडू लागली. तिच्यातील सिलिकाचे कण फुप्फुसांत रुततात, तेथे व्रण होतात आणि श्वास हळूहळू अपुरा पडू लागतो. हा आजार बरा करणारे औषध नाही. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये या रुग्णांसाठी स्वतंत्र धोरण आखले. परंतु साहाय्य मिळाले तरी गेलेला श्वास परत येत नाही.

सर्वच दगड सारखे घातक नसतात. शुद्ध संगमरवरात सिलिका अल्प असते, ग्रॅनाइटमध्ये बरीच, वालुकाश्मात त्याहून अधिक. स्वयंपाकघरातील ओट्यांसाठी लोकप्रिय झालेल्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये तर ती बहुधा नव्वद टक्क्यांच्या घरात असते. या कृत्रिम दगडाच्या वापरावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी घातली, ती कामगारांच्या फुप्फुसांसाठीच. उपाय मात्र अगदी साधे आहेत: कापताना दगडावर पाण्याची धार सोडणे, धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवणे, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधणे. यांचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो, इतकेच.

वस्त्रांचीही अशीच पारख करता येते. अखंड, झळाळता रेशमी धागा मिळवण्यासाठी कोशातील जीव उष्णतेने मारला जातो. पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशापासून सूत कातलेले अहिंसक रेशीमही बाजारात मिळते. ज्यांना रेशीमच नको, त्यांच्यासाठी राजस्थानातील बगरूचे सुती कापड आहे. तेथील छिपा कारागीर कापड हरड्याच्या पाण्यात भिजवतात, गंजके लोखंड व गूळ आंबवून काळा रंग सिद्ध करतात आणि माती, चुना व डिंक यांच्या लेपाने नक्षी झाकून कापड निळीत बुडवतात. अशा कापडाची छत्री संगमरवरी बैठकीच्या दिव्यावर शोभून दिसते. तिच्यात कमी तापणारा, किंचित पिवळसर उजेडाचा एलईडी दिवा लावावा, म्हणजे कापड करपत नाही आणि दगडाची आभाही खुलते. संगमरवरावर लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर पडू देऊ नये. आम्लाने त्याची झिलई जाते. पुसण्यास ओले मऊ फडके पुरेसे आहे.

दगडाचा आणि कापडाचा व्यापार ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना भाव करणे शिकवावे लागत नाही. त्याच सहजतेने आणखी एक प्रश्न विचारता येण्याजोगा आहे: हे कोरताना पाणी सोडले होते का? व्यापाऱ्याने तो कारखान्यात विचारला आणि ग्राहकाने दुकानात, तर कारखानदाराला पाण्याची तोटी बसवणे फायद्याचे ठरेल. भाव पाडताना वाचलेले रुपये पुष्कळदा याच तोटीतून कापलेले असतात. कमळ चिखलातून वर येऊनही निर्मळ राहते, म्हणून ते पूज्य. घरातल्या पाषाणकमळालाही तो मान मिळायचा असेल, तर त्याच्या धुळीचा हिशेब चोख असला पाहिजे.