अर्धपोटी शेवाळाचे विष

रत्नागिरीकडच्या एका वाचकांनी पावसाळ्यात मला पत्र पाठविले होते. गृहस्थ शेती करतात आणि खाडीतल्या कालवांचे शौकीन दिसतात. ते लिहितात, "भाताला खत घातले म्हणजे भात जोमाने वाढतो, पण म्हणून काही तांदूळ विषारी होत नाही. मग तेच खत वाहून समुद्रात गेले की तिथले शेवाळ विष ओकू लागते, असे जे तुम्ही लोक छापता, त्यात कितपत तथ्य आहे?" प्रश्न मोठा नेमका आहे. एरवीच्या अंकात त्याला जागा पुरली नसती. दिवाळी अंकात संपादक हात जरा सैल सोडतात, तेव्हा फराळाबरोबर आज हेही ताटात वाढून घ्यावे.

थोडक्यात सांगायचे तर, खत मुबलक मिळाले की शेवाळ माजते हे खरे. पण विष करण्याच्या मागे ते बहुधा लागते, ते त्यातले एखादे खत संपल्यावर. हे जरा उफराटे वाटेल, म्हणून एक हकीकत सांगतो.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला प्रिन्स एडवर्ड नावाचे बेट आहे. बटाटे आणि शिंपले यांसाठी ते प्रसिद्ध. खाडीत दोर सोडून त्यांवर शिंपले वाढवितात. मालवण-गोव्याकडे ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांचेच हे भाऊबंद. १९८७ च्या अखेरीस हे शिंपले खाऊन शंभरावर माणसे आजारी पडली. आधी ओकाऱ्या आणि पोटात कळा. एवढे तर कुठल्याही शिळ्या मासळीने होते. पण पुढे काही रोग्यांना भ्रम होऊ लागला, आणि त्यातून उठल्यावर पाहावे तो स्मृतीच गेलेली! जुन्या गोष्टी आठवत, पण आत्ता सांगितलेली गोष्ट घटकाभराने डोक्यात नसे. तीन वृद्ध दगावले. बरे, शिंपले ताजे होते, वासाला आणि चवीला निर्दोष होते, आणि नीट शिजविलेले होते. या विषाला चुलीची भीती नाही.

हॅलिफॅक्सच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या मंडळींनी रात्रीचा दिवस करून पाच दिवसांच्या आत विष पकडले. ते निघाले डोमोइक आम्ल. मौज अशी की ही जुन्या ओळखीची वस्तू होती. जपानच्या दक्षिणेकडील बेटांवर 'डोमोई' नावाचे एक तांबडे शेवाळ जंतांवर औषध म्हणून देत, आणि त्यातूनच १९५८ साली जपानी रसायनज्ञांनी हे आम्ल वेगळे काढले होते.

शिंपल्यात ते आले कोठून? शिंपला दिवसभर पाणी गाळीत बसतो आणि गाळात सापडेल ते खातो. त्या वेळी खाडीत सूडो-निट्झशिया नावाच्या सूक्ष्म वनस्पतीचे पेव फुटले होते. सुईसारख्या पेशी, टोकाला टोक लावून साखळ्या केलेल्या. या जातकुळीला इंग्रजीत डायॅटम म्हणतात. मराठीत करंडक वनस्पती असे सुरेख नाव आहे, कारण प्रत्येक पेशीभोवती काचेच्या द्रव्याची, म्हणजे सिलिकाची, झाकणाची डबी असते. १९८८ मध्ये डी. व्ही. सुब्बा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वनस्पती प्रयोगशाळेत वाढवून विष तीच करते असे दाखविले. दूरदेशीच्या त्या शोधात हे आपल्याकडचे नाव वाचून मला तरी बरे वाटले.

खरी गंमत पुढे आहे. स्टीफन बेट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी या पेशी काचेच्या चंबूत वाढवून पाहिल्या. जोवर नत्र, स्फुरद, सिलिका सारे मुबलक होते तोवर पेशी धडाधड दुभंगत होत्या, आणि विष जवळजवळ नाहीच. पाण्यातली सिलिका संपली, नवी डबी करायला काच उरली नाही, तशी पेशींची वाढ थांबली, आणि तेव्हा कुठे विष वाढू लागले! अंधार केला की विष बंद. नत्र नसले तरीही बंद. पुढे सुब्बा राव यांच्याच सहकाऱ्यांनी सिलिकेऐवजी स्फुरद कमी करून पाहिले, तर तेव्हाही विष वाढले.

माझ्या वाचक भगिनींना हे समजावून सांगायला नकोच. करंज्यांचे सारण संपले, पण पीठ मळलेले आहे, तेल तापलेले आहे, चूल पेटलेली आहे. अशा वेळी घरची बाई पीठ टाकून देत नाही, शंकरपाळे करून मोकळी होते. सूर्यप्रकाश चालू आहे, नत्र हाताशी आहे, पण नवी पेशी करता येत नाही, तेव्हा ही वनस्पती आपले शंकरपाळे करते. अर्थात हे निव्वळ उरलेसुरले खपविणे आहे, की त्या विषाचा तिला काही उपयोगही होतो, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. कोणी म्हणतात, खाणाऱ्या जिवाला दूर ठेवण्यासाठी. कोणी म्हणतात, पाण्यातले लोह धरून आणण्यासाठी. विष बनविणारी जनुके मात्र २०१८ मध्ये सापडली, आणि ती सापडली स्फुरदाची उपासमार केलेल्या पेशींत.

कोणते खत संपले म्हणजे विष वाढेल, हे त्या विषाच्या घडणीवरूनही थोडेबहुत ताडता येते. डोमोइक आम्लाच्या रेणूत नत्राचा एक अणू असतो. लकवा आणणारे सॅक्सिटॉक्सिन, जे अलेक्झांड्रियम नावाचे शेवाळ बनविते, त्यात सात! म्हणून अलेक्झांड्रियमला नत्र तोडले की विष घटते, आणि स्फुरद तोडून नत्र भरपूर दिले की वाढते. उलट फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर लाल पाणी आणणाऱ्या कारेनियाच्या विषात नत्र मुळीच नाही. तिला नत्राची टंचाई पडली तरी दर पेशीमागे विष वाढलेले आढळते.

तेव्हा समुद्रात खत किती गेले यापेक्षा कोणत्या प्रमाणात गेले हे विचारले पाहिजे. आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्येच दाखविले होते की समुद्री सूक्ष्म जीवांच्या अंगात नत्राचे साधारण सोळा अणू असतील तर स्फुरदाचा एक असतो. डायॅटमला त्याशिवाय जवळजवळ नत्राइतकी सिलिका लागते. नत्र आणि स्फुरद माणूस शेतातून आणि गटारांतून ओततो. सिलिका मात्र खडक झिजून यायची. ती कोणी खत म्हणून ओतीत नाही, उलट धरणांत अडकून बसते. मिसिसिपीच्या मुखापुढचा गाळ उकरून पाहिला, तेव्हा १९५० नंतर नदीत नायट्रेट वाढत गेले तशा सूडो-निट्झशियाच्या डब्याही वाढत गेलेल्या दिसल्या.

याच हिशेबामुळे पाणी शुद्ध करण्याचे काम नाजूक होऊन बसते. युरोपात साबणातले आणि सांडपाण्यातले स्फुरद कमी केले, त्याने तळी-सरोवरे सुधारली. पण शेतातले नत्र तसेच वाहत राहिल्याने किनाऱ्यालगत नत्राचे पारडे जड झाले. १९८८ च्या मे-जूनमध्ये नॉर्वे-स्वीडनच्या समुद्रात क्रायसोक्रोम्युलिना नावाच्या शेवाळाने पिंजऱ्यांतले आणि बाहेरचेही मासे मारले. तेच शेवाळ प्रयोगशाळेत स्फुरदावाचून ठेवले की अधिक विषारी होते. एकच नळ बंद करून शाबासकी घेणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही, तो यामुळे.

आपल्याकडे ही भीती अगदीच परकी नाही. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये केरळातील विळिंजम येथे शिंपले खाऊन सात माणसे दगावली. कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळ्या चमकतात, त्या नॉक्टिल्युकाने. तिचा या विषांशी संबंध नाही, तो देखावा खुशाल पाहावा. कालवे-तिसऱ्यांची परीक्षा मात्र रंग, वास, किंवा भांड्यात टाकलेले रुपयाचे नाणे यांनी होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजूनही पुरते कळत नाही, कारण तीच पेशी या आठवड्यात निरुपद्रवी असते आणि पुढच्या आठवड्यात विषारी. म्हणून कॅनडात शिंपल्याचे मांसच तपासतात, आणि किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक डोमोइक आम्ल निघाले की खाडी बंद करतात.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१५ साली हीच वेळ आली. समुद्र नेहमीपेक्षा कोमट होता, मॉन्टेरे उपसागरात नायट्रेटच्या मानाने सिलिका कमी पडली होती, आणि सूडो-निट्झशियाचे विष खेकड्यांपर्यंत पोचले. कॅलिफोर्नियात खेकड्यांचा हंगाम नोव्हेंबरात उघडतो. त्या वर्षी कोळ्यांनी होड्या धक्क्याला बांधून नाताळ काढला, आणि राज्याच्या मध्य किनाऱ्यावर जाळीचे पिंजरे पाण्यात पडायला २०१६ चा मार्च उजाडला.