चोपड्याचा कापूस आणि १८ पेन्सांचा रुपया

१९३० नंतर खानदेशचा शेतकरी कर्जात बुडाला तो लग्नातल्या उधळपट्टीमुळे, असे आजही बिनदिक्कत सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी जरा रुपयाचा दर तपासावा.

१९२७ मध्ये सरकारने रुपया १८ पेन्सांवर बांधला. हिल्टन यंग आयोगात पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी भिन्नमत नोंदवून १६ पेन्सांचा आग्रह धरला होता. तो डावलला गेला. दोनच पेन्स? हिशेब करा. परदेशात एका पौंडाला विकलेल्या कापसाचे १६ च्या दराने १५ रुपये होतात, १८ च्या दराने १३ रुपये ५ आणे. चोपड्याच्या कास्तकाराचा शेतसारा आणि सावकाराचे देणे मात्र ठरावीक रुपयांतच!

त्यावर १९२९ ची मंदी कोसळली. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने स्वतःपुरता सुवर्णमान सोडला. रुपया पौंडाच्या दावणीलाच राहिला. सोन्याचा भाव चढला आणि देशातल्या घराघरांतले सोने मुंबई बंदरातून लंडनला निघाले. राज्यकर्ते याला नफ्याची विक्री म्हणत. देणे फेडण्यासाठी दागिने मोडणे, हा कोणता नफा?

डिसेंबर १९३६ मध्ये चोपड्याशेजारच्या यावल तालुक्यात, फैजपूरला, काँग्रेसचे अधिवेशन भरले. शेतसारा व कर्जाचा भार हलका करण्याची मागणी तेथील कृषी कार्यक्रमात होती. रुपया तेव्हाही १८ पेन्सांवरच होता.