पावतीशिवाय नोंद नाही



माझ्या धाकट्या जावेची मुलगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. परवा स्वाध्यायानंतर ती कौतुकाने सांगत होती की डोंगरावरून आणलेल्या फांद्या तिने वर्तमानपत्रात दाबून वाळवत ठेवल्या आहेत. तेव्हा एक बाई म्हणाल्या, "चातुर्मासात तिथीला आम्ही हिरवी भाजी सोडतो आणि तू नुसतं वाळवायला झाड तोडतेस?" पोरगी गप्पच झाली.

बाईंचं बोलणं खोटं नव्हतं. वनस्पतिकाय हाही जीवच. तरी मी पोरीच्या बाजूची आहे.

तळेगाव दाभाड्याजवळच्या गवताळ माळावर २०२० साली एक झुडूप दिसलं. आपल्या अडुळशाच्या आणि कोरांटीच्या कुळातलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे मंदार दातार आणि आदित्य धारप यांनी पुढची काही वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवलं. पावसाळा सरला की नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ते फुलतं. मग उन्हाळ्यात लोक माळाचं सुकं गवत पेटवतात. आपल्याला वाटेल, संपलं सगळं. पण राखेतून जमिनीतला जुना खोड फुटतो आणि मे-जूनमध्ये बुटक्या फांद्यांवर फुलांचा दुसरा बहर येतो, पहिल्यापेक्षा दाट! (अग्निकायाची विराधना आपण टाळतो, आणि हे झाड वणव्यानंतर फुलतं. निसर्गाचा हिशोब आपल्या वहीत बसत नाही.)

एकच झाड दोन रूपांत. नुसतं बघणाऱ्याला ती दोन वेगळी झाडं वाटली असती. दोन्ही बहरांचे नमुने हाती असले की शंका फिटते. या झाडाच्या फुलोऱ्याची ठेवण भारतातल्या त्याच्या भाईबंदांशी जुळेना, जवळचे नातेवाईक निघाले आफ्रिकेत. लंडनच्या क्यू उद्यानातल्या तज्ज्ञांनीही जात नवी असल्याला दुजोरा दिला. २०२४ मध्ये क्यूच्या नियतकालिकात वर्णन छापून आलं आणि त्याला 'डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा' हे नाव मिळालं. पॉलिमॉर्फा म्हणजे अनेक रूपांची.

मी बी.कॉम. झालेली बाई. पावतीशिवाय नोंद करायची नाही हे आमच्या हाडात मुरलंय. आणि गंमत म्हणजे, वनस्पतिशास्त्रातही अशा वाळवलेल्या नमुन्याला 'व्हाउचर'च म्हणतात! कुठे, कधी, कोणी घेतला हे त्यावर लिहिलेलं असतं. त्यातला एक नमुना त्या नावाशी कायमचा बांधला जातो. उद्या कोणी शंका काढली तर तोच कागद उघडून पाहायचा. फोटोवर हे भागत नाही. फुलाच्या आतले भाग आणि बिया हातात घेऊन, मोजूनच बघाव्या लागतात.

अर्थात विवेक हवाच. माळावर भरपूर झाडं असतील तर चार फांद्या घ्याव्यात. दोन-तीनच असतील तर हात लावू नये, हे मी पोरीलाही बजावलंय. पण आमच्या सोसायटीत दर पावसाळ्यात तणनाशक फवारून सगळं साफ करतात. त्यात काय काय मेलं हे कोणी विचारलंय? बिननावाच्या झाडाची तर कोणी बाजूही घेत नाही. माळ म्हणजे पडीक जमीन म्हणून प्लॉट पाडले जातात, तेव्हा तिथे काय उगवत होतं हे दाखवायला कागद लागतो.

पोरगी अजून थोडी रुसलेलीच आहे. रद्दीवाल्याला मी परत पाठवलंय. दोन महिन्यांचे पेपर तिच्यासाठी बांधून ठेवलेत.